बजावणी

नाझरसाहेब सकाळी टेबलावर समन्सं पिसतात पत्त्यांसारखी.
आज माझ्या वाट्याला धनकवडी, बालाजीनगर,
आणि कात्रजच्या अलीकडची ती गल्ली
जिथे घर नंबर एकोणीसनंतर थेट तेवीस येतो.
शिवाजीनगर कोर्टातून एकवीस वर्षं हेच वाटतोय.
लोक दार उघडतात ते साखळीएवढंच.

घेतलंच नाही तर?
नाही घेतलं तरी लागू होतं, काकू.
नाकारलं असं लिहितो मी, वेळ टाकून,
कोर्टाला तेवढं पुरतं.
मागच्यानं कामवालीच्या हातात दिलं होतं.
मग दिलंच नाही धरा. कामवाली कुटुंबात मोडत नाही.
ती तेव्हा ओट्याशीच असते कधीकधी,
नळ थोडा मोठा सोडते.
नावात वेलांटी चुकलीय, बघा.
वेलांटीनं दावा पडत नाही, आजोबा.
आत टाकतील का हो?
हा दिवाणी. इथे भिंत, पाइप, जिना, हातउसने.
तुरुंग नाही. तारखा.

परवाचं सांगतो.
हातउसन्याचा दावा, ऐंशी हजार.
वादी दमयंती खळदकर, वय त्रेसष्ट.
चिठ्ठीचपाटी काही नाही, पासबुकातली एक ओळ तेवढी,
आणि मुदत सरायला अकरा दिवस उरले असताना दाखल.
प्रतिवादी शैलजा बिडकर.
दोघी टेलिफोन खात्यात समोरासमोर बसायच्या, सव्वीस वर्षं,
डबा एकीचा उघडायचा, दुसरीचा संध्याकाळी बसस्टॉपवर.
दाव्याच्या कलम दोनमध्ये हे असं आलंय:
'उभयतांचे घरोब्याचे संबंध होते.'

समन्स दोनदा परत गेलं होतं, दार बंद म्हणून.
तिसऱ्यांदा कोर्ट म्हणालं, वादीनं सोबत जाऊन दाखवावं.
दमयंतीबाई आल्या, पण जिन्याखालीच थांबल्या,
स्कूटरींच्या मधे, पर्स पोटाशी धरून.
तुम्ही जा. तिसरा मजला, हिरवं दार.
बेल वाजली की ती आधी 'आले' म्हणते, मग उठते.
गुडघे आहेत. परत जाऊ नका लगेच.

बेल वाजवली. आतून 'आले'.
मग बराच वेळ काहीच नाही.
मागचे दोघे इथूनच उतरले असणार.
मग चपला घासत आल्या, कडी निघाली.
साखळी नव्हतीच.

चष्मा सापडेना म्हणून त्यांनी कागद लांब धरून वाचला.
म्हणणं किती दिवसांत द्यायचं?
तीस.
आणि काही म्हणायचंच नसेल तर?
एकवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
एकतर्फी होईल, म्हटलं,
नाहीतर देणं कबूल म्हणून लिहून द्या, हप्ते मागा.
सही करता करता पेन थांबलं.
ती खाली आहे ना?
रिक्षानंच आली असेल. बस लागते तिला.
मी शिक्का शोधत राहिलो, जो हातातच होता.

खाली आलो.
मिळाली?
मिळाली. सही झाली.
बारीक झालीय?
बाई, मी बेलिफ आहे.
बरं. मिटवलं तर कोर्ट फी परत देतात म्हणे?
लोक अदालतीत मिटलं तर सगळी.
सगळी, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.
आणि वकिलाची?
ती गेली.
यावर त्या हसल्या, एवढंच, नाकातून,
आणि मान वर केली.
तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक ओला टॉवेल,
मघाशी नव्हता.

स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं:
वादीने दाखवून दिल्यावरून प्रतिवादी यांस
समक्ष बजावणी केली, सही घेतली. वेळ बारा चाळीस.
तारीख अठरा.
मला पुढे बालाजीनगरला जायचं होतं,
जिन्यातल्या कुंड्यांवरून कुणीतरी मनाई हुकूम मागितलाय.
वळताना आरशात दिसल्या दमयंतीबाई.
दोन रिकाम्या रिक्षा गेल्या समोरून.
त्यांनी हात केला नाही.